पोत्याखालची पन्हळ

...नाही, पूर्ण नको उघडूस ते प्लास्टिक, वास इथवर आलाय. ठेव तसाच तो ट्रे, इथे बाकावर — ती कात्री सरकव बाजूला — हं. आता बस. त्या बादलीवर बस, उपडी आहे, स्वच्छ आहे, मी रोज तिच्यावरच बसतो. आणि रडायचं नाही, लोरेन. रडून वाटाणा उगवत नाही, उलट आणखी भिजतो. बघू दे मला. हं... हा गेला. हाही गेला. बोट लावलं की पीठ होतंय. कुठे ठेवला होतास ट्रे? — गरम पाण्याच्या टाकीच्या कपाटात? टॉवेलांच्या वर? आणि वरून प्लास्टिक गच्च, आणि त्याआधी दोन दिवस पाण्यात भिजवलेले. वा. अगं पोरी, तू हे पेरले नाहीस, शिजवलेस. नाही, हसतोय म्हणून वाईट वाटून घेऊ नकोस, तुझ्यासारखे छप्पन पाहिलेत मी या मळ्यावरच्या माझ्या खोपटात. ज्याने आयुष्यभर टोमॅटोची रोपं केली तो पहिल्यांदा वाटाण्याकडे वळला की हेच करतो, ऊब देतो. वाटाण्याला ऊब नको असते. त्याला घरात आणायचं ते थंडीपासून वाचवायला नाही, उंदरांपासून वाचवायला. थंड खिडकी, पाणी एकदाच, आणि मग विसरून जायचं. विसरणंच जमत नाही लोकांना.

किती होते? सव्वीस. आणि डब्यात? — म्हणजे डब्यात काहीच नाही? तो मोहरीचा पिवळा डबा, तुझा बाप कथबर्ट ज्याला कोणाला हातसुद्धा लावू देत नसे, तो अख्खा रिकामा केलास तू? बापाने सांगितलं नव्हतं, अर्धे पेर, अर्धे ठेव म्हणून? — सांगितलं होतं. हं. नाही, मी काही बोलत नाही. मी कोण बोलणारा. तुला वाटलं असेल, सगळे पेरले तर सगळे उगवतील, तेवढंच म्हाताऱ्याला बरं वाटेल. तुझी आई असती तर तिनेही हेच केलं असतं, आयरीनचा हात असाच मोकळा. चहा घेतेस? दूध कालचं आहे पण बिघडलेलं नाही. ती किटली नको — ती तांब्याची, खिळ्याला लटकवलेली — तिच्यात सुतळी आहे. तिच्यात चहा कधी केलाच नाही मी. ही पत्र्याची घे. हां, तीच.

तर आता रविवारी काय करायचं, असं ना? — तू त्याला काय म्हणून बसलीस? उगवलेत म्हणून? कधी, गेल्या रविवारी? अरे देवा. म्हणजे तेव्हा हे आत पार सडून गेले होते आणि तू त्याच्या पलंगाशी बसून सांगतेस, बाबा, बोटभर झालेत. आणि तो म्हणाला, घेऊन ये, बघू दे. म्हणणारच. टेकडीवरच्या त्या म्हाताऱ्यांच्या होममध्ये त्याला दुसरं बघायला आहे काय, मोटारींचा तळ आणि समोरची भिंत. छाती कशी आहे? — हं. नर्स काय म्हणते? — इस्टरपर्यंत. बरं. म्हणजे नर्स लोक इस्टर म्हणतात तेव्हा इस्टरच्या आधीचं काहीतरी म्हणायचं असतं त्यांना. साखर किती, एक ना?

असं कर. बाजारात रोपं मिळतात, त्या चर्चमागच्या नर्सरीत, प्लास्टिकच्या खणांतून — सहा-सहाची. दोन घे, या ट्रेमध्ये लाव, माती वरून सारखी कर, आणि ने. त्याला आता दिसतं कितपत? चष्मा लावला तरी तो तुला हातावरूनच ओळखतो, तूच मागे म्हणालीस. म्हणायचं, हे घ्या बाबा, तुमचे मटार. कोण सांगणार आहे त्याला? — हो, खोटं आहे. पण खोटं तू आधीच बोलून बसलीस, हे त्याचंच शेपूट. — काय? — नाही, कळेल त्याला. तू म्हणतेस ते बरोबर. त्याला कळेल. डोळे गेले तरी कळेल. तुमच्या घरच्या त्या वाटाण्याला खालच्या पानाच्या बगलेत लाल ठिपका असतो, बिटाच्या लोणच्याचा थेंब पडल्यासारखा, आणि पहिला तणावा फुटतो तो डावीकडे वळतो — आणि मुळात तो उगवतोच किती उशिरा. बाकीचे आठव्या दिवशी वर येतात. हा बारा, तेरा. दर वर्षी बाराव्या दिवशी मला वाटतं, झालं, यंदा गेले हातचे, आणि तेराव्या दिवशी सकाळी दार उघडावं तर सगळे रांगेने माना—

काय? — दर वर्षी म्हणजे — म्हणजे कथबर्टचे. कथबर्ट सांगायचा ना. त्याचा प्लॉट माझ्या शेजारी, कुंपणावरून बोलणं व्हायचं. — हो, रोपं तो घरी करायचा. तुमच्या मागच्या खोलीत. हो. आणि मागच्या खोलीत तो कोणाला येऊ देत नसे, तुलासुद्धा नाही, हेही मला ठाऊक आहे. पण सांगायचा. — नाही, तिकडे काही नाही. पोती आहेत. पोत्यांखाली पोती आहेत. लोरेन, तू बस ना, चहा निवतोय.

बरं. हो. आहेत माझ्याकडे थोडे. त्यात एवढं काय उठायचंय. तुझ्या बापानेच दिले होते मला एकदा, मूठभर — नाही, मूठभर नाही, चिमूटभर. खूप वर्षं झाली. — असं बघू नकोस माझ्याकडे. तुझे डोळे अगदी त्याच्यासारखे आहेत, भाज्यांच्या प्रदर्शनात ताटलीतली शेंग बघताना तो असाच बघायचा. — बरं, दिले नव्हते. कथबर्ट स्टोबार्टने आपलं बी कोणाला दिलं असं मी म्हटलं तर या मळ्यावरची कुत्रीसुद्धा हसतील. आजोबापासूनचं बी ते. सख्ख्या भावाने मागितलं तर त्याला गाजराचं दिलं होतं. खाली पडलेल्या दोन शेंगा होत्या, एवढंच. तुम्ही सगळे व्हिटबीला गेला होतात आठवडाभर, सप्टेंबरात, समुद्रावरची गर्दी ओसरल्यावर — तू बारा-तेरा वर्षांची असशील, तुझ्या पायाला प्लास्टर होतं — आणि मला पाणी घालायला सांगून गेला होता तो. टोमॅटोला पाणी घालता घालता वेलाखाली दोन वाळक्या शेंगा पडलेल्या दिसल्या. उंदरांनी खाल्ल्याच असत्या. उचलल्या मी. माणूस उचलतोच की.

एकवीस वर्षं झाली त्याला. — नाही, खात नाही मी ते. ही गोष्ट शपथेवर सांगतो तुला, एक दाणा तोंडात घातलेला नाही. इथे पोत्याखाली रुजवतो, एप्रिलात बहिणीच्या परसात नेऊन लावतो, तिच्या गावात, कोळशाच्या कोठीमागे, रस्त्यावरून दिसत नाही अशा जागी. शेंगा वाळल्या की काढतो, दाणे मोजतो, डब्यात भरतो, आणि पुढच्या वर्षी पुन्हा. बहीण म्हणते, सेप, तुला वेड लागलंय, बाकीची माणसं मटार खायला लावतात. बंद करून टाकावं असं कितीदा वाटलं. पण बंद करायचं म्हणजे वाळू द्यायचे, आणि ते एक पाप पुन्हा कशाला, म्हणून पेरतो. आणि पेरले की मग काय, लपवावे लागतात.

त्या किटलीकडे का बघतेस? — हो. वाचता येतं तुला. ‘मटार, नऊ शेंगांची ताटली, पहिला क्रमांक.’ घासली नाही म्हणून काळी पडलीये, अक्षरं तेवढी राहिलीत. हो, बक्षिसाची किटली ती. त्याच मटारांवर. दोन वर्षं बी वाढवलं आणि तिसऱ्या ऑगस्टला क्लबच्या हॉलमध्ये ताटली मांडली. काय झालं मला, खरंच सांगता येत नाही. त्याआधी अकरा वर्षं मी दुसरा. अकरा वर्षं, लोरेन. पहिला कथबर्ट, दुसरा सेप. लोक ताटल्या न बघताच म्हणायचे. घरी सात पोरांत मी सातवा, म्हणून तर आईबापाने सेप्टिमस नाव ठेवलं, दुसरं सुचलं नाही त्यांना — आणि इथे आलो तर जन्मभराचा दुसरा. एकदा, एकदाच मला बघायचं होतं की जर बी तेच असेल, तर हात कोणाचा चांगला. आणि हात माझा चांगला निघाला. परीक्षकाने माझी एक शेंग फोडली, आत दहा दाणे, शेवटचासुद्धा भरलेला. तुझ्या बापाच्या शेंगेत नऊ, आणि टोकाचा बारीक.

पण ते पण खरं नाही. थांब. आता बोलतोच आहे तर... तुझ्या बापाचं बी त्या दोन वर्षांत उतरलं होतं. आणि ते का उतरलं हे मला माहीत आहे. तुझी आई लाल लोकर द्यायची त्याला, आठवतं? स्वेटरातली उरलेली. सर्वांत चांगल्या शेंगांना तो ती लोकर बांधायचा, म्हणजे या तोडायच्या नाहीत, या बियाण्याच्या. ज्या शेंगेला लाल लोकर, तिला या मळ्यावर कोणी बोट लावत नाही, मग ती कोणाचीही असो. अजूनही नाही लावत. त्या दोन शेंगा खाली पडलेल्या नव्हत्या गं. वेलावर होत्या. लोकर बांधलेल्या. मी त्या काढल्या, आणि लोकर... ती मी सोडली, आणि शेजारच्या साध्या शेंगांना बांधली. तशीच, दोन गाठी, तो मारायचा तशा. म्हणजे त्याने मोजल्या तर दहाच्या दहा. त्याने त्या साध्या शेंगांचं बी धरलं, पेरलं, आणि त्याच्याच चांगल्या बीने मी त्याला हरवलं. हे मी बहिणीलाही सांगितलेलं नाही. चहा घे.

ओळखलं का, म्हणून काय विचारतेस? पाहताक्षणी ओळखलं. निकाल लागल्यावर तो आला माझ्या ताटलीपाशी. एक शेंग देठाने उचलली, बोटं न लावता, वरची पांढुरकी झाक पुसू नये म्हणून — चोरीचा माल आणि त्यालासुद्धा तो जपून हात लावत होता — उजेडाला धरली, ठेवली. म्हणाला, ‘चांगल्या झाल्यात, सेप.’ मग म्हणाला, ‘बी कुठलं?’ एवढंच. ओरडला असता तर मी पण ओरडलो असतो आणि बरं झालं असतं.

मी काही बोललो नाही. — लेसमामाचं काय त्यात? — हो, लेसकडे होतं बी. त्याची बायको गेली तेव्हा कथबर्टने त्याला बारा दाणे दिले होते, आयरीनचा भाऊ म्हणून, काहीतरी हाताला काम राहावं म्हणून, आणि वर शपथ घातली होती, दुसऱ्याला द्यायचं नाही. तेवढा एकच माणूस, घराबाहेरचा. मग कथबर्टच्या डोक्यात आलं असेल की लेसनेच दिलं. लेस क्लबात माझ्याच टेबलावर बसायचा, दोन ग्लास झाले की मोकळा व्हायचा, हे सगळ्या गावाला ठाऊक. तो तसं धरून चालला, त्याला मी काय करणार? मी फक्त ‘नाही’ म्हणालो नाही. तेवढाच माझा दोष.

...

— टॉफी आणायचा लेस तुझ्यासाठी, हो. पेपरमिंटवाली. खिशात सुटी ठेवायचा, तिला तंबाखूचा वास लागायचा. — नाही आला तो त्यानंतर, मला माहीत आहे. नाताळालाही नाही. तुझ्या आईच्या दफनाला तो रस्त्याच्या पलीकडे उभा होता, बसथांब्यापाशी, टोपी हातात. मी पाहिला. सगळ्यांनी पाहिला. तुझ्या बापाने मान वळवली नाही. सख्ख्या बहिणीची पेटी आत जातेय आणि हा बस चुकल्यासारखा उभा. आणि गेल्याच्या गेल्या हिवाळ्यात तो पण गेला. त्याच्याकडचे मटार? ते त्याने त्याच वर्षी उपटून जाळले, वेल, शेंगा, बी, सगळं. म्हणाला, ज्याच्यापायी चोर ठरलो ते मला दारात नको. म्हणून तर आता जे काय आहेत ते तुझ्या या ट्रेमध्ये होते. आणि पोत्याखाली.

तो माझ्याकडे आला होता, लोरेन. लेस. प्रदर्शनानंतर आठवड्याने, इथेच, या दारात. म्हणाला, ‘सेप, मी तुला एक दाणासुद्धा दिलेला नाही हे तुला तर माहीत आहे ना. तू सांग ना त्याला. माझं ऐकत नाही तो, तुझं ऐकेल.’ त्याला संशयसुद्धा नव्हता गं, की... त्याला वाटत होतं हा सगळा कथबर्टच्या डोक्याचा खेळ आहे. मी म्हटलं, सांगतो. म्हटलं, या आठवड्यात सांगतो. त्याला क्लबात नेलं, एक ग्लास पाजला. मग पुढे भेटला की तो नुसता बघायचा आणि मी म्हणायचो, सांगतो रे. दोन-तीन वर्षांनी त्याने बघणंही सोडलं.

काय संशय नव्हता त्याला? मी काय म्हणालो आत्ता? — की मीच... नाही. — कथबर्ट काय म्हणाला होता तुला? कधी? — गेल्या रविवारी? ‘सेपने स्वतः सांगितलं मला’? असं म्हणाला?

बरं.

हो. सांगितलं मी. त्याने विचारलं, बी कुठलं, आणि माझ्या तोंडातून आलं, ‘लेसने दिलं.’ दोन शब्द. ठरवून नाही — आता ठरवून काय आणि न ठरवून काय. मागे लोक उभे होते, हातात किटली होती, नवी, चकचकीत, तिच्यात माझंच तोंड दिसत होतं. दुसरं कोणाचं नाव घेता आलं नसतं, दुसऱ्या कोणाकडे ते बी नव्हतंच. इतकं सोपं होतं ते. तुझ्या बापाने मान हलवली आणि मला म्हणाला, ‘तुझा काही दोष नाही, सेप, तुला काय ठाऊक.’ आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. पुढच्याच आठवड्यात माझ्या टोमॅटोला आधार द्यायला काठ्या आणून दिल्या त्याने. तेव्हापासून आजवर तो माझ्याशी चांगलाच वागला. त्याचंच काय ते करायचं कळत नाही मला.

उठू नकोस. ऐक. नाही — उठ, हरकत नाही, पण रिकाम्या हाताने जाऊ नकोस. थांब, ही पोती काढतो. हे बघ. पन्हळ आहे, छपराची जुनी, दोन टोकं लाकडाने बुजवलेली. अठ्ठावीस पेरले होते, सत्तावीस उगवलेत. परवा तेरावा दिवस होता. हा ठिपका दिसतो? हा, इथे बगलेत. हे तुमचे. हे लोकरवाल्या शेंगांचे आहेत, चांगल्यातले, तुझ्या बापाकडे उरले होते त्याहून चांगले. ट्रेमध्ये काढायचे नाहीत, मुळं दुखावतात, पन्हळच ने अशी आडवी धरून, मोटारीत मागच्या सीटवर मावेल. हिटर लावू नकोस मोटारीत. होममध्येही खिडकीत ठेव, रेडिएटरवर नाही. आणि लावायच्या वेळी मातीत चर काढायचा आणि पन्हळ एका बाजूने तिरकी करून ढकलायची, सगळी रांग आपोआप सरकते. हा डबा पण घे. यात एकेचाळीस आहेत, ते यंदा पेरायचे नाहीत. ऐकतेस ना? यंदा नाही. मला काही नको ठेवूस. एकही नको.

आणि तुला वाटलं तर त्याला काहीच सांगू नकोस. तू म्हणाली होतीस उगवलेत, हे घे, उगवले. तुझं खोटं खरं झालं. तो हात लावेल, ओळखेल, शांतपणे जाईल. मी कुठे बोलणार नाही, आणि दुसरं माहीत असलेलं कोणी — लेस तर...

— मी? मी येऊन सांगू? रविवारी, दोन वाजता? — तू विचारतेस म्हणून हो म्हणेन मी. आत्ता हो म्हणेन, दाढी करेन, तो चांगला कोटही घालेन, टेकडीच्या खालपर्यंत येईन. आणि मग बाकावर बसून राहीन, बस गेली असं सांगेन तुला सोमवारी. लेसलाही मी हो म्हणालो होतो. माझ्यावर सोडू नकोस हे, लोरेन. तूच सांग. रविवारची वाट बघू नकोस, इस्टर फार लांब आहे, आजच जा, हे असं हातात घेऊन सरळ जा, आणि त्याला आधी हात लावू दे आणि मग सांग, लेसने दिलं नव्हतं. लोकरीचंही सांग. दोन गाठींचं सांग. त्याने काय म्हटलं ते मला येऊन सांगायची गरज नाही.

जड आहे, कोपराने आधार दे. पायरी सांभाळ. अशी. आणि जाताना दार तेवढं ओढून घे गं, वारा येतो, रोपांना लाग—

नाही. राहू दे. उघडंच राहू दे.